तिसऱ्या दिवशी उतरणारं दुखणं

बाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑपरेशननंतर परवापर्यंत मान वळवू न शकणाऱ्या शिंप्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि गर्दीने एकच जयजयकार केला.

"ऑपरेशनच्या टेबलावर शुद्ध जाते आणि अंग थरथरतं!" बाबा गरजले. "तेव्हाच बाहेरची बाधा आत शिरते. दुसऱ्या दिवशी झोडपल्यासारखं अंग ठणकतं की नाही? तीन दिवस माझी फुंकर घ्या, काढून टाकतो!"

मागे उभ्या असलेल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं पित्त खवळलं. थरथर खरी होती. बाबा होण्याआधी हा गृहस्थ चार वर्षं त्यांच्याच ऑपरेशन थिएटरात ट्रॉली ढकलत होता. सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बाई आल्या होत्या सुताराच्या बायकोसाठी. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर ती जखम दाखवायला फिरकलीच नव्हती. भिंतीशी ती तापाने फणफणत बसली होती.

"आज तिसरा दिवस, बाई," सुतार म्हणाला. "संध्याकाळी उतरेल म्हणालेत."

बाईंनी गर्दीत गंमत बघायला आलेल्या पोस्टमनला हाक मारली. "तुमचं ऑपरेशन शिंप्याच्याच दिवशी झालं ना? अंग दुखलं?"

"दुखलं तर! कूस बदलता येईना. घरीच पडून होतो. कालपासून ठणठणीत आहे."

"फुंकर?"

"कसली फुंकर?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "घशात नळी घालण्याआधी स्नायू सैल करायचं औषध देतो. त्याने आधी सगळे स्नायू थरथरतात, म्हणून मग अंग दुखतं. दोन-तीन दिवसांत ते आपोआप थांबतं. हे या बाबांना ठाऊक आहे. पण या ताईचं दुखणं ते नाही. हिच्या पोटात पू झालाय. उचला हिला!"

"श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले. सुताराने तोवर बायकोला उचललं होतं.

उशीर झाला होता. दोन दिवसांनी ती गेली.

"अंग दुखेल, ताप आला तर या, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" दवाखान्याच्या जिन्यात सुताराने विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. बाईंना घाई, गर्दी, अपुरी माणसं, सगळं सांगता आलं असतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

आता त्या प्रत्येक पेशंटच्या खाटेवर बसून सांगतात, "अंग दुखेल, दोन-तीन दिवसांत जाईल. ताप आला, पोट दुखलं, तर थेट इथे या. आणि कळलं नाही तर मलाच विचारा, दहादा विचारा."