पडद्याकडे पाठ

‘मंगळावरची मोलकरीण’ टीव्हीसाठी नव्याने बनवणार आहेत ही बातमी आमच्या थिएटरच्या पायऱ्यांवर कुणीतरी गेल्यासारखी पसरली. एक जण मटकन खालीच बसला. एका काकूंनी विचारलं, “कधी कळलं?” आणि आमच्या कप्तानाने डोक्यावरची हिरवी टोपी काढून छातीशी धरली. मला हसू येत होतं, पण मी गाल आतून चावून धरले, कारण शेजारी आत्या उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

सिनेमा पाहिला नसेल तर सांगते. मंगळावरून एक मोलकरीण एका बड्या घरात कामाला येते. तिचे हातमोजे हिरवे, तिचा झाडू बोलतो, आणि घरातली माणसं कारण नसताना गाऊ लागतात. नवा होता तेव्हा तो आठवड्याभरात पडला. पडल्यावर मात्र काही वेड्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही मंगळवाले या थिएटरात जमतो. बघायला नाही, ओरडायला. पडद्यावरचा मालक विचारतो, “दारात कोण आहे?” आणि आम्ही छप्पर उडेल अशा आवाजात सांगतो, “तुझी सासू!”

हे ओरडणं मला फार मानवलं. पूर्वी उत्तर येत असलं तरी मी वर्गात बाकाखाली बघत बसायची. आता बाई म्हणतात, “अगं, शेजारच्या वर्गाला नको, मला सांग.” आत्या मला भोंगा म्हणते.

आणि पडद्यासमोरच्या अरुंद रंगमंचावर मोलकरीण असते आत्या. मागे सिनेमा चालू असतो आणि पुढे ती तेच सगळं करते. ओठ, भुवया, झाडू, मान, सगळं. आवाज मागच्या स्पीकरमधून येतो. माझ्या जन्माच्या आधीपासून ती हे करतेय. एरवी ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये दात घासते, म्हणजे लोकांचे, खोटे. तोंडावर मास्क, कानात यंत्राची घरघर, बोलायला कुणी नाही. राहते आमच्याच घरी, मागच्या खोलीत. बाबा तिला अधूनमधून म्हणतात, “ताई, ते मंगळाचं खूळ आता पुरे कर.” पण रविवारी ती रंगमंचावर आली की अख्खं थिएटर उभं राहतं. दुसऱ्या कुणासाठी एवढी माणसं उभी राहताना मी पाहिलेली नाहीत. मुख्याध्यापकांसाठी राहतात, पण ती सक्ती आहे.

कप्तानाचं फोटोकॉपीचं दुकान आहे. हे खेळ त्यानेच सुरू केले. त्या दिवशी पायऱ्यांवर त्याने सगळ्यांना शपथ घ्यायला लावली. “आपल्यातल्या कुणी त्या टीव्हीवाल्यांच्या दारात जायचं नाही. गेला तो आपला नाही. कबूल?”

“कबूल!” सगळ्यांत मोठा आवाज माझा. आत्याने नुसते ओठ हलवले.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये घराची किल्ली घ्यायला गेले. आत्याने मास्क खाली ओढला आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, “भोंग्या, बुधवारी माझ्याबरोबर येशील? त्यांनी चाहत्यांनाही बोलावलंय. नव्या मोलकरणीची निवड आहे.”

“आत्या! शपथ घेतलीस ना?”

“मी कुठे काही बोलले?”

“तिथे विशीतल्या पोरी असतील.”

“असू देत की. त्यांना मोलकरीण येते का?” तिने हातातली कवळी दिव्यासमोर धरून पाहिली. “मला एकदा खरीखुरी करून बघायचीय गं. एकदाच.”

माझ्याही अंगात आलं. म्हटलं, चल, तोंडात बोटं घालतील ते.

बुधवारी एका लांबलचक व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. आजूबाजूच्या पोरी भिंतीकडे तोंड करून आ-आ-आ करत होत्या. आत्याने नुसते हातमोजे चढवले, बोटं नीट केली आणि गप्प बसली. मला वाटलं, काय हा आत्मविश्वास!

आत टेबलामागे तिघं होती आणि कोपऱ्यात एक पियानोवाला. पर्स धरायला म्हणून मलाही आत सोडलं. आत्याने आधी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. मग तिचं समाधान झालं आणि तिने मान हलवली.

पियानो सुरू झाला आणि आत्याही. खिडकी पुसायचं गाणं. काय सांगू, तो रिकामा कोपरा बड्या घराचा दिवाणखाना झाला. मनगट वळलं, भुवई चढली, एकेक शब्द ओठांवर दिसत होता. मी मनातल्या मनात गाणं ऐकत होते, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही. पियानोवाला थांबला तेव्हा खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

“काही अडलं का?” चष्मा डोक्यावर ठेवलेल्या बाईंनी विचारलं.

“नाही. का?”

“तुमचा आवाज येत नाहीये, ताई.”

आत्याने मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

मग तिला कळलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. “पुन्हा घ्या,” ती म्हणाली. पुन्हा पियानो वाजला आणि या वेळी आवाज आला. बरेच दिवस न उघडलेल्या नळातून येतो ना, आधी हवा, मग गढूळ थेंब, तसा. दुसऱ्या ओळीला ती थांबली. कुणी हसलं नाही. हसले असते तर निदान भांडता आलं असतं.

“तुमचे हातवारे सुंदर आहेत,” त्या बाई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या, हे आणखी वाईट. “एकदा पुन्हा दाखवाल? नुसते. आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो.”

आत्याने दाखवले. टेबलाशी येताना तिने नेहमीची ती छोटीशी उडी मारली, चिमणी मारते तशी.

“अय्या, ही उडी! ही सिनेमातलीच ना?”

“हो तर. अगदी अशीच आहे,” आत्या म्हणाली. मीही जोरजोरात मान हलवली. आम्हा सगळ्यांना पाठ होती ती.

घरी येताना ती एकच वाक्य बोलली. “आज घसा बसला होता.”

“हो, चांगलाच बसला होता,” मी म्हटलं.

महिने गेले. मग नव्या सिनेमाची झलक आली आणि सगळे मंगळवाले कप्तानाच्या दुकानात लोटले. शपथ न बघण्याची नव्हती, असं तेव्हा सगळ्यांना आठवलं.

“हातमोजे गुलाबी? गुलाबी?!”

“झाडू दाखवा आधी. हा झाडू आहे? व्हॅक्यूम क्लिनर आहे हा!”

“गाण्याची चाल बघ कशी धावतेय. वाघ मागे लागलाय का हिच्या?”

काकू डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघत होत्या. मी तर सुतकात असल्यासारखी मजा घेत होते, म्हणजे दुःख खरं होतं पण सोबत चांगली होती. आणि तेवढ्यात ती गुलाबी हातमोज्यांची नवी पोरगी टेबलाशी आली आणि तिने टुणकन उडी मारली.

“उडी! अरे, उडी ठेवली!” काकूंनी हात खाली घेतले, डोळे भरलेले. “निदान एवढा तरी मान राखला मूळ सिनेमाचा.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी आत्याकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर किंचित, अगदी किंचित, हसू आलं होतं.

कप्तानाने मात्र कॉम्प्युटरवर आपला जुना सिनेमा लावला. मोलकरीण दारातून आली आणि सरळ चालत टेबलाशी गेली. त्याने मागे नेऊन पुन्हा लावला. सरळ चालत.

“उडी सिनेमात नाहीच,” तो म्हणाला. “आपल्या रंगमंचाची फळी मोडली होती, ती चुकवायला आपली मोलकरीण उडी मारायची. फळी मी बदलली. उडी राहून गेली.”

सगळ्यांच्या माना एकेक करून दाराकडे वळल्या. इतकी वर्षं सगळे आत्याकडेच बघत होते, सिनेमाकडे कुणाचं लक्ष होतं?

कप्तान आत्याला नेहमी “मोलकरणी, ये गं” म्हणायचा. आता म्हणाला, “मॅडम, तुम्ही गेला होतात तिथे?”

“गेले होते.” बस, एवढंच. घशाचं नाही, काही नाही.

मी तोंड उघडलं. “आत्ता टाळ्या वाजवत होतात ना तुम्ही? मूळ सिनेमाचा मान म्हणत होतात! ती उडी आमच्या आत्याची आहे, मग मान कुणाचा झाला?”

“तुला सगळं पाठ आहे,” कप्तान मला म्हणाला, माझं बोलणं ऐकलंच नाही असा. “पुढच्या खेळापासून तू कर. मॅडम, हातमोजे आणून द्या.”

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. अख्खं थिएटर उभं राहिलेलं दिसलं मला, माझ्यासाठी. मग मी म्हटलं, “नाही करणार.” आणि वाट बघितली, की आता काकू काहीतरी म्हणतील. काकू छत्री शोधत होत्या. मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कुणीतरी दुकानाचं दार लावून घेतलं.

रविवारी आत्या येणार नाही असं मला वाटलं होतं. पण ती लॅबच्या कपड्यांत तयार होऊन बसली होती. हातमोजे तिने आदल्याच दिवशी धुऊन, घडी घालून देऊन टाकले होते. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पुढच्या लोकांनी आम्हाला पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

रंगमंच रिकामा होता. “पडदा एकटा पुरेसा आहे,” कप्तानाने जाहीर केलं आणि सिनेमा सुरू झाला. मालकाने विचारलं, “दारात कोण आहे?” आणि आरोळी उशिरा उठली, तीही अर्धवट. आत्याचा खांदा वर गेला की ओरडायचं, अशी सगळ्यांना सवय होती. पुढची आरोळी तर उठलीच नाही.

आत्या पडद्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिची त्याच्याकडे पाठच होती. खिडकीचं गाणं लागलं. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि तो आवाज आला, आणि आत्या पुढच्या खुर्चीला धरून थोडी वाकली.

“केवढी लहान आहे गं ही,” ती हळूच म्हणाली. “पोरगीच आहे.”

मला राहवेना. मी तिच्या कानाशी लागले. “आत्या, ओठ हलव ना. इथूनच. मी बघते तुझ्याकडे.”

“कशाला?” ती म्हणाली. “ती म्हणतेय ना.”

आणि ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून, ती गाणं ऐकत राहिली.