वरची ओळ

परत लाल. स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचून राखीने लॅपटॉप थोडा मागे सरकवला.

"काऊन वं, पुन्हा अडलं?" ओसरीत पापड लाटणाऱ्या सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी विचारलं.

"हाव, आत्याबाई. मशीन म्हणते फाईल नाही. मले तं समोर दिसून राह्यली!"

मुलं शाळेत जायला लागल्यावर राखीने पुन्हा कंप्युटर हाती घेतला होता. मलकापुरातल्या घरी बसून ती पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम करायची. अंध मुलांना गोष्टी वाचून दाखवणारं ॲप तिथे बनत होतं. प्रोग्रामचे सगळे तुकडे जोडून ॲप तयार करणारी स्क्रिप्ट पहिल्यांदाच तिच्यावर सोपवली होती, आणि नेमकी आज ती अडून बसली होती. जिल्ह्यातल्याच एका अंधशाळेत मुलं नव्या गोष्टींची वाट पाहत होती.

"राखी, तुमच्याकडे चालतंय, पण इथे कंपनीच्या सर्व्हरवर बंद पडतंय," कॉलवर टीमप्रमुख चिन्मय म्हणाला. "जुनंच ॲप देऊ या का मुलांना?"

"नको. मला थोडा वेळ द्या."

पुण्याशी बोलताना ती प्रत्येक वाक्य आधी मनात घोटून घ्यायची. एकदा मीटिंगमध्ये 'मले' निघून गेलं, तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं होतं. तेव्हापासून ती मोजकंच बोले.

सकाळपासून ती शेवटच्या चुकीच्याच मागे लागली होती. आता तिने सर्व्हरचा सगळा मजकूर अगदी वरपासून वाचायला घेतला. बऱ्याच वर, साध्या ओळींच्या गर्दीत, एक बारीक सूचना होती: गोष्टींचा फोल्डर मिळाला नाही, पुढे जात आहे. घोळ तिथेच होता. खालची चूक नुसती त्याची शेपटी. काल तिने फोल्डरचं इंग्रजी नाव बदललं, तेव्हा पहिलं अक्षर मोठं केलं होतं. स्क्रिप्टमध्ये ते लहानच राहिलं. तिच्या कंप्युटरला दोन्ही सारखीच, सर्व्हरला मात्र वेगळी.

"सापडलं वं माय!" राखी ओरडली.

पुण्याचा कॉल आणि माइक दोन्ही चालूच होते.

"काय झालं?" चिन्मय दचकला.

"अहो, मीच काल नाव बदललं अन् स्क्रिप्टले सांगाचं राहून गेलं! एका अक्षरानं पाहा ना कसा तमाशा केला! थांबा, आत्ता नीट करून राह्यली मी."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. कान गरम झाले. पलीकडे चिन्मय मोकळेपणाने हसला. "करा करा. आणि असंच बोलत जा हो, आज पहिल्यांदा तुमचा आवाज नीट ऐकला."

तिने ते एक अक्षर दुरुस्त केलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. एकेक ओळ हिरवी होत गेली. पुष्पाबाई लाटणं हातात घेऊनच मागे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं?"

"झालं, आत्याबाई!"

दुपारी शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या काही बोलायच्या आतच मागून कोल्ह्याची गोष्ट ऐकू येऊ लागली, आणि त्यावर मुलांच्या हसण्याचा कल्लोळ. "बाई, पुन्हा लावा!" एक पोरगी ओरडत होती.

पुष्पाबाईंचे हात पिठाने भरलेले. राखीने फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

पुष्पाबाईंनी डोळे मिटले आणि ऐकत राहिल्या.