पदराचा वारा

शरद आला, की समुद्राचा राग ओसरतो. आषाढात गढुळलेलं, श्रावणात फेसाळलेलं, किनाऱ्याशी भांडून भांडून दमलेलं पाणी आश्विनात निवळतं. नीलकांत होतं, निरांजनाच्या ज्योतीसारखं हळू हलतं. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर आभाळ उतरतं आणि त्या आरशातून पांढऱ्या ढगांची मंद मिरवणूक जाते.

मग येतात पाहुणे. हिमाच्या देशांतून, वाळूच्या देशांतून, थव्यांमागून थवे. चिखल्या येतात, सुरय येतात, कुरव येतात. लाटेच्या काठाला पंखांची झालर लागते.

खाडीच्या मुखाशी, अशाच एका सकाळी, कुमुदिनीबाई वाळूत बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, हलक्या आवाजाच्या बाई. गळ्यात तुळशीची माळ, माळेवर दुर्बीण. पहाटे स्नान, मग जप, मग कावळ्याला घास. तो घास कावळ्याने उचलल्यावाचून त्यांच्या मुखी अन्न जात नसे. देवाचं नाव आणि पाखरांची नावं, दोन्ही त्या सारख्याच हळुवारपणे घेत.

एक पाखरू मात्र पाहायचं राहिलं होतं. चिखल्यांच्या कुळातलं, तरी कुळाहून वेगळं. चंदनाच्या खोडावरच्या गंधासारखं शुभ्र, पाठीवर काजळाची रेघ, खेकडे फोडणारी जाड काळी चोच. अरबी वाळूत बिळं कोरून अंडी घालणारं, आपल्या किनाऱ्याला क्वचितच, वाट वाकडी करून येणारं. पुस्तकात पाहिलेलं, स्वप्नात पाहिलेलं, डोळ्यांनी न पाहिलेलं.

आणि आज दूर, पाण्याच्या कडेला, काहीतरी शुभ्र हललं.

तेच असेल का? की नुसता कुरव? चोच पाहिली म्हणजे संशय फिटणार होता. पण शुभ्राभोवती काळं कडं होतं. पाखराने खेकडा धरला होता आणि त्या खेकड्यासाठी कावळे जमले होते. पाचावर दहा, दहावर वीस, काळ्या पंखांचं उघडझाप करणारं दार. चोच दिसेना. पाय दिसेनात.

बाई उठल्या. टाळी वाजवली. मग पदर सोडला, दोन्ही हातांत धरला, आणि वाऱ्यावर झटकला. एकदा, पुन्हा, पुन्हा. त्या पुढे धावल्याही, बघा. ज्या बाई मुंगी चुकवून पाऊल टाकत, त्या धावल्या.

कावळे उठले. पुळणीवरचे उठले, खडकांवरचे उठले, सुरूच्या बनातले उठले. काळा ढग खाडीवर झुलला आणि पैलतीरी जाऊन बसला.

मागे राहिलं ते एकटं, उघडं, उजळ. जाड काळी चोच. निळसर राखी पाय. तेच. तेच. तेच. कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्यांनी नैवेद्य दाखवताना जोडतात तसे हात जोडले. पाखराने खेकडा गिळला, पंख उघडले आणि दक्षिणेच्या निळाईत ते विरून गेलं.

आनंदाने भरलेल्या, भिजलेल्या, सैलावलेल्या अशा त्या मागे वळल्या. आणि थांबल्या.

खडकांच्या आडोशाला माणसं होती. केळीचं पान होतं. पानावर भाताचे पिंड, पिंडांवर दही आणि तीळ. गावातल्या दत्ताराम खवणेकरांच्या बायकोचा आज दहावा होता. भटजी, दत्ताराम, त्यांचा धाकटा भाऊ आणि पाठची वेणी ओली असलेली लेक, दर्शना. चौघांच्या माना वर. चौघांचे डोळे रित्या आभाळात.

"आत्ता तर होते हयसर," दत्ताराम म्हणत होते. "खंय गेले?"

"वयनी जिती असताना पण कधी येळार जेवली नाय," भाऊ म्हणाला. "आता काय घाई करतली?"

कोणी हसलं नाही. ऊन चढलं. दह्यावर माशी बसली.

कावळा शिवेना, म्हणजे गेलेल्या जीवाचं काही राहिलं. मग जिवंतांनी शोधायचं, काय राहिलं. शोधायचं आणि शब्द द्यायचा. भावाने शब्द दिला, गाय विकणार नाही. दत्तारामांनी दिला, तुळस सुकू देणार नाही. आभाळ रितंच.

"दर्भाचा कावळा करून लावू या," भटजी हळूच बोलले. दत्तारामांनी मान हलवली, नाही. आणि मग त्यांची नजर, ओली, असहाय, म्हातारी नजर, लेकीवर जाऊन ठरली.

दर्शना चार पावलं पुढे झाली. परवा तिला जायचं होतं. मोठ्या जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून, गावातली पहिली मुलगी. बॅग भरलेली होती. आईनेच, आजारपणात, उशीला टेकून, तिच्या कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या.

"आये," ती म्हणाली, "मी जहाजार जावचंय नाय. बाबांक एकट्यांक सोडून खंय जावचंय नाय. जेव आता."

अलीकडे आता कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, पदर झटकत नव्हतं. पैलतीरावरून एक कावळा उडाला. खाडी ओलांडून आला, खडकावर बसला, मान तिरकी केली, आणि पिंडाला चोच लावली.

दत्तारामांनी हुंदका दिला. भावाने हात जोडले. दर्शना मात्र तशीच उभी, पुळणीत रुतलेल्या रिकाम्या शंखासारखी.

कुमुदिनीबाईंच्या पायांखालची वाळू सरकली. लाज अशी येते. आधी कानांच्या पाळ्यांत, मग त्या हातांत, ज्या हातांनी नित्य कावळ्याला घास ठेवला आणि आज दुसऱ्याच्या दारचा कावळा हुसकला.

मन म्हणालं, देवाचीच इच्छा असेल. पदर त्यानेच हलवला असेल. त्या क्षणी बाईंना आपल्या मनाचीही लाज वाटली. आपला मोह देवाच्या माथी मारायचा, एवढंच राहिलं होतं.

त्या चालत गेल्या. अंतर थोडं, आणि पाऊल पर्वताचं.

"दत्तारामभाऊ," आवाज इतका लहान की लाटेने तो अर्धा नेला, "कावळे मी उडवले. एक पाखरू बघायचं होतं मला. तुम्ही इथे आहात हे मी पाहिलं नाही, आणि पाहायला हवं होतं. वहिनींच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. पण कावळे त्यांनी अडवले नव्हते."



"बघितलात मां पाखरू?" भाऊ म्हणाला. "झाला तर मग."

बाईंनी ते शब्द खाली मानेने, प्रसादासारखे घेतले.

"जाऊ दे, बाबा," दर्शना म्हणाली. "बोललंय ता बोललंय."

दत्तारामांनी लेकीकडे पाहिलं. तिचा कोरडा चेहरा पाहिला, वाळूत रुतलेले पाय पाहिले.

"तू बोललंस," ते म्हणाले. "तुझी आवस खंय बोलली?"

त्यांनी पातेल्यातला उरलेला भात हातात घेतला. चिरा पडलेल्या, जाळी ओढून रापलेल्या हातांनी गोळा वळला. पानावर ठेवला.

"चेडवाक मी जहाजार धाडतंय," दत्ताराम पाण्याकडे बघून, गेलेल्या बायकोला म्हणाले. "तुका नको असात, तर येव नको. हवा असात, तर ये."

सगळे मागे सरले. कुमुदिनीबाई सर्वांत मागे, गुडघ्यांवर. पदर त्यांनी अंगाभोवती घट्ट, घट्ट लपेटला. वाऱ्याने त्याचं टोकसुद्धा हलू नये. मान खाली. आज त्यांना वर पाहण्याचा हक्क नव्हता.

लाट आली, गेली. लाट आली, गेली.

त्यांच्यासमोरच्या ओल्या वाळूवर, पायांच्या खुणांवरून, गुडघ्यांवरून, मिटल्या ओंजळीवरून, पंखांची एक सावली सरकली. साधी, काळी, रोजची. ती पुढे गेली. ती पानाशी थांबली. आणि मग, कितीतरी वेळाने, लेकीचं रडणं मोकळं झालं. भरती लागावी तसं, आधी हळू, मग भरभरून, मग खाडीच्या काठोकाठ.