दहावी खूण

डोंगरावरची उशी म्हणाली नऊ इंच. मी म्हणाले चौदा.

ही उशी डोक्याखाली घ्यायची नव्हे. आमच्या पाटाला पाणी देणाऱ्या डोंगरावर सरकारने खाटेएवढी, आत न गोठणारं पाणी भरलेली उशी अंथरलीय. तिच्यावर बर्फ साचतो, ती त्याचा भार जोखते, आणि वितळल्यावर किती इंच पाणी होईल तो आकडा आपसूक खाली धाडते. ती यायच्या आधी तीस वर्षं हे काम माझा नवरा डेल्फिनो करायचा. लांब नळी बर्फात खुपसायची, भरलेली नळी काट्याला टांगायची, वहीत लिहायचं. झाडांवर पत्रे ठोकलेल्या अशा दहा खुणा.

मार्चअखेर चर्चच्या हॉलात पाटाची सभा भरली. शेतांना पाण्याच्या पाळ्या वाटणारा पाटकरी कासिमिरो फोनात बघून म्हणाला, "नऊ इंच. यंदा खालच्या शेतांना पाळी नाही."

खालची शेतं माझी. मी उठलेच.

"तुझ्या उशीला काय कळतंय? मागे बर्फात कडक थर धरला, वरचा भार त्यानेच पेलला, आणि ती निम्माच आकडा सांगत बसली. चूक कुणी पकडली? माझ्या म्हाताऱ्याने! रविवारपर्यंत थांब, तो मोजून आणेल. चौदाहून कमी निघालं तर माझं नाव युफेमिया नाही."

"काकी, काका सत्तरीपार गेले आता..."

"असेना! तुझ्यासारखा फोनला विचारून पाऊल टाकत नाही तो."

हॉल हसला. डेल्फिनो हसला नाही.

घरी घेवड्याच्या वाटीत भाकरी बुडवत तो म्हणाला, "म्हातारे, यंदा कडक थर नाही. मुळात बर्फच पडला नाही. नऊच असेल."

"मग तिथे तोंड शिवलं होतं का?"

"तू बोलायला लागलीस की फट ठेवतेस कुठे?"

"भ्यालास म्हण सरळ."

त्याने वाटी सरकवली आणि बर्फातले रुंद जोडे शोधायला गेला.

शनिवारी सकाळी निघाला. दुपार कलली तरी आला नाही, तेव्हा कासिमिरोच माणसं घेऊन वर गेला. दहाव्या खुणेच्या झाडाला टेकून बसला होता म्हणे. जोडे पायात, नळी शेजारी बर्फात उभी. काळीज बंद पडलेलं.

वही कासिमिरोने न उघडता माझ्या हातात दिली. मला अक्षर धड लागत नाही, आकडे लागतात. नऊ, आठ, नऊ, साडेनऊ. चौथ्या खुणेलाच त्याला कळलं असणार. दुसरा कुणी तिथूनच माघारी फिरला असता. हा पुढच्या खुणेवर गेला, मग त्याच्या पुढच्या. माझे चौदा शोधत. एखादा आकडा वाढवून लिहावा, तेही त्याच्या हातून झालं नाही.

रविवारी सभा पुन्हा भरली, मी गेले.

"आज राहू द्या, काकी," कासिमिरो म्हणाला.

मी उभी राहून नऊ आकडे एकेक करून वाचले. दहावी ओळ कोरी होती, तसं सांगितलं.

"खालच्या शेतांना पाळी नाही. लिही."

त्याने पेन उघडलं. "सांगणाऱ्याचं नाव कुणाचं लिहू, काकी?"

"डेल्फिनोच्या बायकोचं," मी म्हणाले.