टॅपेटचा आवाज

ताराचंदने बावीस वर्षं विश्रामगृहाच्या हिरवळीवरचं गवत कापलं. साहेब लोकांच्या चपला वाटेत असल्या तर तो त्या उचलून भिंतीवर जोडीने ठेवी आणि मगच मशीन पुढे नेई. निवृत्त होताना तीच जुनी मशीन त्याने लिलावात घेतली, एकोडीला आपल्या गावी आणली, आणि घरामागचं गुडघाभर गवत उद्या कापतो असं बायकोला, रुखमिणीला, सात वर्षं सांगितलं. मग तो वारला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवसापासून गवत कापलं जाऊ लागलं. विहिरीकडून घराकडे, रोज एक पट्टा.

पट्ट्यांबद्दल रुखमिणीची तक्रार नव्हती. काम होत होतं. त्रास आवाजाचा होता. दुपारी एक वाजला की मागे टकटक सुरू. शेवटी तिने योगेंद्रला बोलावलं. तो ताराचंदचा दोस्त, गावातले पंप तोच दुरुस्त करी.

"हे वाजनं थांबलं नाही तं मी घराले कुलूप लावतो न पवनीले पोरीकडे, हर्षाकडे जातो," ती म्हणाली. म्हणताना कुलपाकडे पाहवत नव्हतं तिला.

"टॅपेट ढिले झाले असन. इंजिन चाललं का वॉल्व्हवर आपटून वाजतेत."

"पन चालवते कोन, भाऊजी? टाकी कोरडी हाय. प्लग मीच काढून पिठाच्या डब्यात ठेवला."

"ते माह्या लाईनीतलं नाही, वहिनी. मी टॅपेट पाहतो."

मागच्या पायरीपाशी गवताचा एकच पट्टा उरला होता. योगेंद्रने पायरीखाली चपला काढल्या, छपरीत मशीनपाशी गेला आणि इंजिनाला हात लावला. लगेच काढून घेतला. सकाळचे आठ वाजले होते आणि इंजिन तापलेलं होतं.

"थंड झाल्याबिगर गॅप नाही बसत," तो म्हणाला.

इंजिनावर ओलं पोतं टाकून दोघं चहा पीत बसली. इंजिन निवायला साडेअकरा झाले. मग त्याने वरचं झाकण खोललं, दोन्ही वॉल्व्ह बंद होईपर्यंत चाक हाताने फिरवलं आणि फटीत गॅप मोजायच्या गेजची पातळ पत्ती सरकवली. एक पत्ती अडकत जायला हवी, तिथे दोन खुशाल गेल्या. त्याने स्क्रू आवळला, नट कसला, पत्ती पुन्हा घालून पाहिली. जराशी अडली. बरोबर.

"आता नाही वाजत."

खात्री करायला तो जेवायला थांबला. एक वाजला. सव्वा झाला. मागे काही वाजलं नाही. रुखमिणीला महिन्यात पहिल्यांदा बसल्या जागी डुलकी लागली.

दीडला योगेंद्र जायला निघाला. पायरीखाली चपला नव्हत्या. त्या भिंतीवर होत्या, जोडीने. पायरीपर्यंतचं गवत कापलेलं होतं आणि त्याचा ओला वास येत होता.

रुखमिणी मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पायरीकडे पाहत होती.

"आवाज यायचा तं कुठवर आले ते तरी समजे," ती म्हणाली. "आता गवत बी संपलं."

योगेंद्रने चपलांकडे नेलेला हात मागे घेतला.

"भाऊजी, पहिल्यासारखे ढिले करून द्या ना."

योगेंद्रने छपरीत जाऊन इंजिनाला हात लावला. काढून घेतला.

"थंड होऊ द्या लागन, वहिनी," तो म्हणाला, आणि दाराकडे पाठ होणार नाही अशा बेताने खाटेवर बसला.