एकाच बाजूनं पिवळं

टोमॅटोच्या त्या झाडाची पानं एकाच बाजूनं पिवळी पडलेली दिसली, आणि तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना.

ती बियाणं केंद्रात संशोधक होती. मातीतल्या बुरशीनं मर रोग लागतो, उभी झाडं सुकतात. त्या बुरशीला दाद न देणारं वाण तिनं आणि तिच्या सरांनी मिळून तयार केलं होतं. मुद्दाम रोगट ठेवलेल्या वाफ्यात ते दर हंगामाला तग धरून राहिलं होतं. आता बियाण्याची पाकिटं भरून तयार होती आणि सर निवृत्तीला आले होते. केंद्रात सगळे त्यांना टोमॅटोबुवा म्हणत. त्यांना ते आवडायचं.

पिवळं पडलेलं झाड त्याच वाफ्यातलं, त्याच वाणाचं होतं. पाणी कमी पडलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पाणी दिलं. डबा तसाच ठेवून पुन्हा जाऊन पाहिलं. शेवटी खोड चिरलं, तर आत तपकिरी रेघ, मर रोगाची खूण. भेसळीचं बी असेल, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, असं सर म्हणाले.

घोर लागायचा तो लागलाच. त्या झाडाखालची माती तिनं कुंड्यांत भरली आणि तिच्यात त्याच वाणाची रोपं लावली. घरी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. अशानं मर मलाच लागेल, असं नवरा म्हणाला. तिला हसू आलं नाही.

कुंड्यांतल्या जवळजवळ सगळ्या रोपांनी माना टाकल्या. शेजारची, त्याच वाणाची पण स्वच्छ मातीतली, टवटवीत होती. म्हणजे वाणात भेसळ नव्हती. बुरशीच बदलली होती.

सुकलेल्या कुंड्या घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. त्यांनी तिच्याकडून पातं घेतलं, एकेक खोड स्वतः चिरलं.

"पाकिटं गेली का?"

"उद्या जाणार आहेत."

"थांबव."

संचालकांना फोन त्यांनीच लावला. पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता. सर नुसतं हो, हो म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं तिला वाटलं होतं. ते हरितगृहात एका कुंडीसमोर उकिडवे बसले होते. त्या मातीतलं एकच रोप ताठ उभं होतं.

"हे का नाही मेलं?"

ती शेजारी बसली.

त्या रोपाचं बी त्यांनी धरलं. पुढच्या पिढीतली बरीच रोपं मेली, थोडी टिकली. सर निवृत्त झाले, तरी रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "उभी आहेत ना?" एवढंच विचारतात. बघून सांगते म्हणत ती चप्पल पायात सरकवते.