काकांचा उजवा डोळा

नकाशे काढणाऱ्या त्या कार्यालयात ती हुद्द्याने मोठी, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. वयाने थोरले सहकारी, ज्यांना सगळे काका म्हणत, तेसुद्धा. दिवसभर संगणकाकडे बघून तिचे डोळे चुरचुरायचे, डोकं ठणकायचं. मग ती योगवर्गात डोळ्यांचे व्यायाम शिकली: मान न हलवता बुबुळं वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायची, अंगठ्यावरची नजर लांब खिडकीबाहेर न्यायची, शेवटी तळहात चोळून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे. महिन्याभरात तिला आराम पडला आणि तिने अख्ख्या खोलीला शिकवायचा चंगच बांधला. चार वाजले की सगळी माणसं डोळे गरागरा फिरवत बसलेली. साहेब म्हणायचे, पगारवाढ मागायच्या आधी असेच बघतात सगळे.

एका दुपारी काका तिच्या टेबलाशी आले. उजव्या डोळ्यात काजवे चमकतात, खालून काळं काहीतरी वर सरकतंय, म्हणाले. ताई कामाच्या घाईत होती. तिने मानही वर केली नाही.

"ताण आहे, काका. तळहात जरा जास्त वेळ ठेवा."

काकांनी तिचा शब्द प्रमाण मानला. नऊ दिवस तळहात ठेवले. दहाव्या दिवशी जिन्यात पाय चुकला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण निम्मी नजर गेली ती गेलीच. आठवडाभर आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

काकांनी तिचं नाव कुठेच काढलं नाही. ती घरी भेटायला गेली, तर काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. ऑफिसात यांच्या डोळ्यांची एवढी काळजी तुम्हीच घेत होतात, म्हणाल्या. पट्टी बांधलेले काका तिला मानेने गप्प राहा म्हणून खुणावत होते.

"काकू, काकांनी मला आधीच सांगितलं होतं. मीच म्हटलं, ताण आहे."

काकूंनी हात सोडले आणि त्या आत निघून गेल्या.

"कशाला बोललीस?" काका पुटपुटले. "मला काय स्वतःची अक्कल नव्हती?"

हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

काकू बाहेर आल्या त्या तिच्याकडे न बघताच बोलल्या. "सोमवारी तपासणी आहे. यांना पायऱ्यांचा अंदाज येत नाही. तुम्ही न्या."

त्यात माफी नव्हती. ताईने मागितलीही नाही. ती सोमवारी गेली, त्यापुढच्या सोमवारीही गेली. काका तिचा दंड धरून पायरी पायरी उतरायचे आणि ती मोठ्याने मोजायची.